मॅसॅच्युसेट्सच्या जंगलातलं जोतं : मेटल डिटेक्टरने वाचलेलं एक घर

ओकवन

न्यू इंग्लंडच्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या राज्यांच्या, कुठल्याही जंगलात शिरा, थोड्याच वेळात दगडी गडगा आडवा येतो. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. दोन्ही बाजूंना उंच ओक आणि मेपल, आणि मधून हा गडगा सरळ टेकडी चढून पलीकडे उतरलेला. इतक्या झाडीत कुंपण कशाला घातलं असेल, असा प्रश्न नव्या माणसाला हमखास पडतो. घातलं तेव्हा झाडी नव्हती. अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या पूर्वार्धात इथली निम्म्याहून जास्त जमीन तोडून शेतं आणि कुरणं केली होती. १८७१ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने कुंपणांची मोजदाद केली. तिच्यावरून न्यू इंग्लंड आणि न्यूयॉर्क मिळून सुमारे २,४०,००० मैल गडगे असावेत, असा अंदाज मांडला जातो.

मग लोक गेले. १८१५ मध्ये इंडोनेशियात तंबोरा ज्वालामुखी फुटला, पुढच्या वर्षी इथे उन्हाळा आलाच नाही, जूनमध्ये बर्फ पडलं आणि मका उभा करपला. १८२५ मध्ये एरी कालवा सुरू झाला, ओहायोकडची सपाट काळी जमीन जवळ आली. दगड वेचून वेचून कंटाळलेल्या शेतकऱ्यांनी गाड्या भरल्या. मागे राहिलेली लाकडी घरं कुजून मातीत गेली, शेतांत पाइन उगवले. राहिली ती जोती.

अशाच एका जोत्याबद्दल लिहायचंय. मी वूस्टर काउंटीत राहतो. आमच्या गावातल्या एका आजींच्या मालकीचं थोडं जंगल आहे आणि त्यात एक जुनं जोतं आहे. त्यांनी लेखी परवानगी दिली, अट एकच : काय निघालं ते प्रत्येक वेळी दाखवायचं. हे सुरुवातीलाच सांगतो, कारण या छंदात परवानगीशिवाय एक पाऊल टाकायचं नसतं. नॅशनल पार्कमध्ये तर डिटेक्टर नुसता बाळगणंही गुन्हा आहे. केंद्राच्या आणि मूळ रहिवासी जमातींच्या जमिनीवर १९७९ चा पुरातत्त्व संरक्षण कायदा लागतो. शंभर वर्षांहून जुनी वस्तू परवान्याशिवाय उकरली तर दंड आणि तुरुंग दोन्ही. मॅसॅच्युसेट्समध्ये राज्याच्या किंवा गावाच्या जमिनीवर असं खोदकाम करायला राज्य पुरातत्त्वज्ञाचा परवाना लागतो. म्हणजे आपल्यासारख्यांसाठी उरते ती खासगी जमीन, मालकाच्या होकारासह.

जागा कशी ओळखायची? लिडारचे नकाशे आता घरबसल्या बघता येतात. विमानातून लेझर मारून केलेल्या या नकाशांत झाडी वजा होते आणि जमिनीचा उंचसखलपणा तेवढा दिसतो. चौकोनी खड्डा, त्याला लागून गडग्यांनी बांधलेली वाट, थोड्या अंतरावर दुसरा मोठा आयत, हे घर आणि गोठा. प्रत्यक्ष गेलं की झाडं खूण सांगतात. लायलॅकचं झुडूप, डे-लिलीचा ताटवा, पसरलेली विंका, एखादं म्हातारं सफरचंद. लायलॅक युरोपातून आलेलं, या जंगलात आपसूक उगवत नाही. कुणीतरी दारात लावलं म्हणूनच ते तिथे आहे.

आमच्या जोत्याची बांधणी त्या काळच्या रिवाजाप्रमाणेच आहे : दगडाने बांधलेलं तळघर, मधोमध धुराड्याचा प्रचंड पाया, दार दक्षिणेला. अंगणात आड आहे, त्यावर मोठी फरशी झाकलेली. (या आडांची फार काळजी घ्या. पुष्कळ ठिकाणी वर कुजकं लाकूड आणि पाचोळा एवढंच असतं. पाय टाकण्याआधी काठी टाका.)

आता सापडलं काय.

सगळ्यात जास्त निघतात ते खिळे, आणि बहुतेक लोक ते शिव्या देत फेकून देतात. माझ्या मते घराची जन्मपत्रिका खिळ्यांतच असते. लोहाराने हाताने घडवलेला खिळा चारी बाजूंनी निमुळता होतो आणि डोक्यावर घणाचे चार-पाच ठोके दिसतात. साधारण १७९० च्या दशकापासून पत्र्यातून यंत्राने कापलेले खिळे आले, ते दोनच बाजूंनी निमुळते असतात. आज आपण वापरतो ते तारेचे गोल खिळे १८८० नंतर सर्रास झाले. या जोत्यावर घडीव खिळे भरपूर, कापीव थोडे आणि तेही एकाच कोपऱ्यात, तारेचा एकही नाही. म्हणजे घर १८०० च्या आधीचं, नंतर एका बाजूची डागडुजी किंवा वाढीव खोली, आणि तारेच्या खिळ्यांच्या आधीच ओसाड.

नाण्यांनी यात भर घातली. इंग्लंडच्या दुसऱ्या जॉर्ज राजाची एक हाफपेनी (अर्ध्या पेनीचं तांब्याचं नाणं) मिळाली, म्हाताऱ्या चेहऱ्याची, म्हणजे १७४० ते १७५४ मधली. शेवटचा आकडा झिजलाय. या हाफपेन्यांमागे एक मोठी गोष्ट आहे. १७४५ मध्ये न्यू इंग्लंडच्या शेतकऱ्यांनी आणि कोळ्यांनी फ्रेंचांचा लुईबर्ग किल्ला जिंकला आणि त्या खर्चाची भरपाई म्हणून इंग्लंडच्या संसदेने १७४९ मध्ये बॉस्टनला जहाजातून स्पॅनिश चांदी आणि सुमारे १० टन तांब्याची नाणी पाठवली. माझी त्यातलीच आहे असं मी म्हणत नाही, पण इथल्या खेड्यापाड्यांत या नाण्यांचा इतका सुळसुळाट का, याचं ते मोठं कारण. दुसरं नाणं चांदीचा अर्धा स्पॅनिश रियाल, मेक्सिकोच्या टाकसाळीचा. इंग्लंडने वसाहतींना नाणी पुरेशी कधी दिलीच नाहीत, त्यामुळे सगळा व्यवहार स्पॅनिश चांदीवर चाले, आणि अमेरिका स्वतंत्र झाल्यावरही १८५७ पर्यंत ही नाणी कायदेशीर चलन होती. सगळ्यात अलीकडचं नाणं १८३१ चा मोठा सेंट. १८५० च्या दशकातल्या काउंटीच्या नकाशावर प्रत्येक घराशेजारी मालकाचं नाव छापलेलं आहे; आमच्या जागी घरच नाही. खिळे, नाणं, नकाशा, तिघंही एकच साक्ष देतात.

गोठ्याच्या बाजूला बैलांच्या पत्र्या निघाल्या. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन. त्यांच्याजवळ शिंगांच्या पितळी शेंब्या, आपल्याकडे पोळ्याला घालतात तशाच. इथे त्या बैलांनी एकमेकांना भोसकू नये म्हणून बसवत. वूस्टरच्या कचेरीत या घराच्या मालकाच्या मृत्यूनंतर केलेली मालमत्तेची यादी मिळाली, तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे अगदी चमच्यापर्यंत लिहिलेली. त्यात बैलजोडी आहे, गाई आहेत, कथलाच्या थाळ्या, चरखा आणि एक जुनी बंदूक. बंदुकीची शिशाची गोळीही सापडली, तिच्यावर दातांचे व्रण आहेत. जखमी सैनिकाने वेदना सोसण्यासाठी चावली, अशी कथा अशा गोळ्यांबद्दल सांगतात. अभ्यासकांनी तपासलेल्या कित्येक गोळ्या प्रत्यक्षात डुकरांनी चावलेल्या निघाल्या आहेत, आणि माझी गोळी डुकरांच्या वाड्यापाशीच मिळाली.

बाकी गुंड्या. चपट्या तांब्याच्या, टॉम्बॅक या मिश्रधातूच्या पांढुरक्या, एखादी मुलामा दिलेली. बुटाचं अर्धं पितळी बक्कल. आणि दक्षिणेच्या भिंतीबाहेर, दाराशेजारी, एक छोटं अंगुस्तान, माझ्या करंगळीलाही न बसणारं. त्या काळी पाच-सहा वर्षांच्या मुलींना शिवण शिकवत. हिवाळ्यात ऊन त्याच भिंतीवर येतं.

प्रत्येक वस्तू कुठे आणि किती खोल मिळाली हे लिहून ठेवलं नसतं, तर माझ्याकडे डबाभर जुनं भंगार असतं. कुणाला अनुभव असेल तर सांगा, प्रश्न असतील तर विचारा.

---

रानजाई

फारच सुंदर लिहिलंय! आम्ही न्यू जर्सीत आहोत, घरामागच्या जंगलात असेच गडगे आहेत आणि मी त्यांच्याकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं. मुलगा ११ वर्षांचा आहे, त्याला यात नक्की रस वाटेल. मशीन कोणतं घ्यावं? आणि खरं सांगायचं तर मला टिकची (जंगलातल्या गोचिडीची) फार भीती वाटते.

---

ओकवन

धन्यवाद, रानजाई. भीती रास्त आहे. टिक चावून होणाऱ्या लाइम रोगाचं नावच कनेक्टिकटमधल्या लाइम गावावरून पडलंय. कपड्यांवर आणि बुटांवर आधीच परमेथ्रिन हे कीटकनाशक मारून वाळवून घ्या, पँट मोज्यांत खोचा, घरी आल्यावर कपडे सरळ गरम ड्रायरमध्ये आणि मुलाची काखा, गुडघ्यामागे, केसांत नीट तपासणी. टिक लवकर काढली तर धोका बराच कमी होतो. पॉइझन आयव्हीची तीन पानं मुलाला ओळखायला शिकवा. हिवाळ्यात पानं गेलेली असली तरी तिच्या वेली अंगाला लागल्या की पुरळ येतोच. शिकारीच्या मोसमात नारिंगी जाकीट घाला.

मशीनचं म्हणाल तर मी मिनलॅबचं इक्विनॉक्स वापरतो. गॅरेट, नोक्टा, एक्सपी यांचीही चांगली आहेत. तत्त्व सगळ्यांचं एकच. कॉइलमधून बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं, धातूत भोवरी प्रवाह तयार होतात, त्यांचं क्षेत्र परत येताना थोडं मागे पडतं आणि त्या फरकावरून मशीन एक आकडा दाखवतं. हा आकडा अंतिम सत्य नाही. पाच सेंटचं निकेल आणि सोड्याच्या कॅनची कडी माझ्या मशीनवर जवळपास एकाच ठिकाणी दिसतात, आणि काही गुंड्याही तिथेच. जोत्यांवर खरी अडचण खिळ्यांची. लोखंडाच्या शेजारचं नाणं मशीनला ऐकूच येत नाही. म्हणून सहा इंची लहान कॉइल लावा, फार हळू फिरवा आणि एकाच पट्ट्यात दोन दिशांनी जा. पिनपॉइंटर (खड्ड्यात नेमकी जागा दाखवणारा हातातला छोटा डिटेक्टर) मात्र पहिल्या दिवसापासून हवाच, नाहीतर खड्डा विनाकारण मोठा होतो. गवताची चकती एका बाजूने जोडलेली ठेवून उलटायची, माती फडक्यावर काढायची, काम झालं की परत भरून दाबायची. मुलाला ही सवय आधी लावा, नाणं नंतर सापडेल.

---

तांबट

लेख आवडला. आमच्या घरी तीन पिढ्या तांब्या-पितळेचं काम चालायचं, म्हणून धातूच्या बाजूने विचारतो. दीडशे-दोनशे वर्षं जमिनीत पडलेलं तांबं चांगलंच कळकलेलं असणार. तुम्ही साफ कसं करता? चिंच, लिंबू, रांगोळी असलं काही लावू नका, एवढी कळकळीची विनंती. घरातल्या घंगाळाला ते चालतं. तिथे आपण वरचा पातळ थर काढतो आणि खाली निकोप धातू असतो. पुरलेल्या तांब्यात धातूच बदलून वरचा हिरवा थर झालेला असतो, आणि राजाचा चेहरा, अक्षरं सगळं त्या थरातच असतं. तो घासला की खाली खडबडीत, निनावी चकती उरते.

टॉम्बॅकबद्दलही सांगतो. तांब्यात जस्त असतं, काहींत थोडा सोमलही असतो, त्याने रंग पांढुरका होतो आणि गंजही कमी चढतो. तुमची गुंडी मागून बघा. कडी वेगळी डाग देऊन बसवलीय की ओततानाच आत धरलीय?

---

ओकवन

तांबटकाका, ओततानाच आत धरलेली आहे, मागे कडीभोवती उंचवटा आहे आणि पूर्ण पाठीवर लेथच्या गोल रेघा आहेत. बाकीच्या तांब्याच्या चपट्या गुंड्यांना मात्र कडी डाग देऊन लावलीय.

साफसफाईचं तुम्ही म्हणता तसंच करतो. तांबं असेल तर ऊर्ध्वपातित पाणी, मग बांबूची टोकदार काडी आणि भिंगाखाली कणाकणाने माती काढणं. चांदी फक्त पाण्याखाली धरायची, बोटाने चोळायची नाही, कारण वाळूचा एक कणही ओरखडा काढतो. लोखंडाला विद्युत अपघटन करतो, धुण्याचा सोडा घालून. त्यात स्टेनलेस स्टीलचा तुकडा कधीही वापरू नका, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. साधं लोखंडच वापरा, आणि हे काम घराबाहेर मोकळ्या हवेत करा.

---

खापरी

मी पुरातत्त्व शिकले आहे आणि लिहिताना थोडी अस्वस्थ आहे. तुम्ही प्रामाणिकपणे नोंदी ठेवता हे दिसतंच. पण तुमचा लेख वाचून जे दहा जण मशीन विकत घेतील, त्यांतले किती जण ठेवतील?

जमिनीतली वस्तू एकदाच उचलता येते. खापर, कोळसा, हाडं, बिया, मातीचा रंग हे सगळं तिच्याभोवती असतं आणि तुमच्या मशीनला त्यातलं काहीच ऐकू येत नाही. एक उदाहरण देते. पांढऱ्या मातीच्या चिलमींच्या नळ्या अशा घरांवर भरपूर मिळतात. १९५४ मध्ये जे. सी. हॅरिंग्टन यांनी दाखवलं की सतराव्या शतकाच्या सुरुवातीला नळीचं भोक इंचाच्या ९/६४ एवढं असे आणि अठराव्याच्या उत्तरार्धापर्यंत ते ४/६४ वर आलं. म्हणजे पुरेसे तुकडे असतील तर ड्रिलच्या बिटांनी भोकं मोजून वस्तीचा काळ सांगता येतो. धातू शोधणारा माणूस हेच तुकडे मातीबरोबर बाजूला टाकतो.

म्हणून दोन गोष्टी विचारते. तुम्ही तळघराच्या आत खणता का? आणि किती खोल?

---

ओकवन

खापरी, तुमची अस्वस्थता मला पटते. तळघरात, धुराड्याच्या पायाशी, आडात आणि संडासाच्या खड्ड्यात मी खणत नाही. तिथे थरांवर थर शाबूत असतात, ती जागा तुम्हा लोकांची. मी फिरतो ते अंगण, वाट आणि नांगरलेली शेतं. शेतात वरचे आठ-दहा इंच नांगराने पूर्वीच उलटेपालटे झालेले असतात. त्याखाली सिग्नल गेला की सोडून देतो. चिलमीच्या नळ्यांचं तुम्ही सांगितलंत ते फार मोलाचं आहे. जिथे दिसल्या तिथे त्यांचीही नोंद आजपासून ठेवतो.

---

खापरी

मग आपलं भांडण बरंच कमी झालं :) उलट बाजूही सांगायला हवी. १९८३ मध्ये मॉन्टानातल्या लिटल बिगहॉर्नच्या रणभूमीवर वणवा लागून गवत जळालं आणि पुढच्या वर्षी डग्लस स्कॉट आणि रिचर्ड फॉक्स यांनी डिटेक्टर चालवणाऱ्या स्वयंसेवकांना ओळीत उभं करून सगळं मैदान पालथं घातलं. प्रत्येक गोळीच्या जागी झेंडी लावली, काडतुसांवरच्या ठशांवरून एकेका बंदुकीचा माग काढला. अमेरिकी घोडदळ आणि मूळ रहिवासी जमाती यांच्यातली १८७६ ची ती लढाई कशी हलत गेली हे त्यामुळे नव्याने कळलं. तुमच्या मॅसॅच्युसेट्समध्येच कॉन्कर्डच्या नॉर्थ ब्रिजपाशी अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाला तोंड फुटलं त्या १९ एप्रिल १७७५ च्या चकमकीतल्या पाच गोळ्या मिळाल्याचं २०२४ मध्ये जाहीर झालं. रीतसर तपासणीत मिळाल्या म्हणून त्या कुणी, कुठून झाडल्या हे सांगता आलं. त्याच गोळ्या कुणी आधी खिशात घातल्या असत्या तर शिशाचे पाच खडे एवढीच त्यांची किंमत होती.

---

लेस्टरकर

इकडे इंग्लंडमध्ये वेगळी पद्धत आहे. १९९६ च्या ट्रेझर अ‍ॅक्टनुसार ३०० वर्षांहून जुनी सोन्या-चांदीची वस्तू किंवा नाण्यांचा साठा मिळाला तर १४ दिवसांत कळवावं लागतं. संग्रहालयाला ती वस्तू हवी असेल तर योग्य किंमत ठरते आणि शोधणारा व जमीनमालक यांच्यात साधारण निम्मी निम्मी वाटली जाते. बाकी गुंड्या, बक्कलं, सुटी नाणी १९९७ पासून चालू असलेल्या पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीममध्ये स्वेच्छेने नोंदवतात. तिच्याकडे आज १० लाखांहून जास्त वस्तूंची नोंद आहे आणि ती कुणालाही इंटरनेटवर बघता येते. आमच्या भागातल्या नोंदणी अधिकारी बाई क्लबच्या बैठकीला येऊन टेबलावर वस्तू ओळखून देतात. अमेरिकेत अशी सोय देशभर असायला हवी होती, असं तुमचा लेख वाचून फार वाटलं. तुमच्या वहीतली माहिती तुमच्यानंतर कुठे जाणार?

---

ओकवन

गावच्या हिस्टॉरिकल सोसायटीकडे. वहीची प्रत आणि नकाशा त्यांना दर हिवाळ्यात देतो. वस्तू कायद्याने आजींच्या आहेत, त्याही शेवटी तिथेच जाव्यात असं आम्ही दोघांनी ठरवलंय.

---

निळाई

या विषयावर लिहिताना न्यूपोर्टजवळच्या त्या अरबी नाण्याचा उल्लेख कसा राहिला? २०१४ मध्ये ऱ्होड आयलंडमधल्या मिडलटाउनला एका फळबागेत डिटेक्टर चालवणाऱ्या हौशी अभ्यासकाला चांदीचं छोटं नाणं मिळालं. वर अरबी अक्षरं. ते १६९३ मध्ये येमेनमध्ये पाडलेलं निघालं. नंतर मॅसॅच्युसेट्स आणि कनेक्टिकटमध्येही तशीच सतराव्या शतकातली अरबी नाणी मिळाली. शोधणाऱ्याचं म्हणणं असं की ही हेन्री एव्हरी या चाच्याची लूट. त्याने सप्टेंबर १६९५ मध्ये मक्केहून सुरतेला परतणारं औरंगजेबाचं गंज-ई-सवाई हे जहाज लुटलं आणि मग तो गायबच झाला. त्याचा माग बहामातून पुढे आयर्लंडमध्ये संपतो असं समजलं जाई. ही नाणी सांगतात की त्याची माणसं तरी इथे आली.

---

भीमातीर

अंगावर काटा आला! मी मंगळवेढ्याचा. गंज-ई-सवाई लुटलं गेलं तेव्हा औरंगजेब दिल्लीत नव्हता, आमच्या गावाजवळ भीमेच्या काठी ब्रह्मपुरीला होता. मे १६९५ मध्ये त्याने तिथे तळ टाकला तो १६९९ पर्यंत हलवला नाही. माचणूरचा किल्ला त्याच काळातला, आजही उभा आहे. म्हणजे सुरतेची बातमी त्याला मिळाली ती सोलापूर जिल्ह्यात! सुरतेतल्या इंग्रज व्यापाऱ्यांना बेड्या पडल्या तो राग इथूनच निघालेला. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये संताजी घोरपड्यांनी दोड्डेरीला कासिमखानाची फौज कोंडली. समुद्रावर ते, जमिनीवर हे. जहाजावर हजहून परतणाऱ्या बायकांचे जे हाल झाले ते त्या काळच्या इतिहासकार खाफीखानाने लिहून ठेवलंय, वाचवत नाही. त्या लुटीतलं नाणं अमेरिकेतल्या सफरचंदांच्या मुळाशी निघावं!

---

खापरी

भीमातीर, भाव अगदी समजतो, पण एक सावधगिरी. तांबड्या समुद्रात लूटमार करून उत्तर अमेरिकेत परतलेला एव्हरी एकटाच नव्हता. न्यूपोर्टचाच थॉमस ट्यू १६९४ मध्ये मोठी लूट घेऊन घरी आला आणि पुन्हा गेला तो एव्हरीच्या त्याच मोहिमेत मारला गेला. आणखीही कितीतरी जण होते. १६९३ चं नाणं त्यांपैकी कुणाच्याही खिशातून आलं असेल. अरबी समुद्रातली लूट न्यू इंग्लंडच्या शेतांत पोचली एवढं या नाण्यांवरून नक्की म्हणता येतं, आणि ते पुरेसं थरारक आहे. कनेक्टिकटच्या नाण्याच्या बाबतीत ते जुन्या शेतघराच्या जागी मिळाल्यामुळे त्याला भोवतालचा संदर्भ आहे, म्हणून त्याचं वजन जास्त.

---

मेपलपान

लेख चांगला आहे, पण एक बाजू सुटलीय. ज्या जमिनीवर हे घर बांधलं ती निपमक या मूळ रहिवासी जमातीची होती. वसाहतवाल्यांशी झालेल्या १६७५-७६ च्या युद्धात त्यांची गावं उद्ध्वस्त झाली, कित्येकांना बोस्टनच्या बंदरातल्या डियर बेटावर नेऊन उपाशी मारलं, तेव्हा कुठे वूस्टरचा परिसर वसाहतवाल्यांना मोकळा झाला. आणि न्यू इंग्लंडमध्ये गुलाम नव्हते असा समज आहे तोही खरा नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये गुलामगिरी १७८३ च्या न्यायालयीन निकालाने मोडली, त्याआधी शेतघरांतही गुलाम होते. एखादी गुंडी त्यांच्याही अंगावरची असेल.

---

ओकवन

मेपलपान, हे लिहिलंत ते बरं केलंत. आजींच्या जमिनीत ओढ्याकाठी मला गारेचं एक बाणाग्र वरच पडलेलं दिसलं होतं. उचललं नाही. फोटो आणि जागा राज्य पुरातत्त्व कार्यालयाला कळवली आणि त्या पट्ट्यात मशीन नेणं बंद केलं. हाडं दिसली तर काम तिथेच थांबवून पोलिसांना आणि मेडिकल एक्झामिनरला कळवायचं, असा इथला कायदा आहे.

मालमत्तेच्या याद्यांमध्ये माणसंही किंमत लावून लिहिलेली सापडतात, बैलांच्या खालोखाल. या घराच्या यादीत तशी नोंद नाही. शेजारच्या मोठ्या शेताच्या यादीत आहे, फक्त पहिलं नाव.

---

कासपठार

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी पडका वाडा आहे, आमच्याच मालकीचा. पुढच्या सुट्टीत मशीन आणू का? तिथे इंग्रजी अमदानीतलं तरी काहीतरी नक्की मिळेल.

---

खापरी

कृपया आणू नका. भारतात १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत पुरलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू मिळाली की जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे, जमीन तुमची असली तरी. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकाम-खोदकामाला बंदी, पुढचे २०० मीटर परवानगी लागते. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर नेणं खासगी माणसाला शक्यच नाही. शिवाय आपल्याकडे या यंत्राबरोबर गुप्तधनाचं वेड येतं. मार्च २०२५ मध्ये बुऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या पायथ्याला, मुघलांचं सोनं पुरलंय असं सिनेमा पाहून वाटलं म्हणून, माणसं रात्री टॉर्च आणि डिटेक्टर घेऊन शेतं खणत होती. गडांवरच्या जोत्यांचे दगड याच नादात उखडलेले तुम्हीही पाहिले असतील.

वाड्याचं काही करायचंच असेल तर न खणता करा. फोटो, मापं, घरातली कागदपत्रं, मोडी असतील तर वाचून घ्या, गावातल्या वयस्कर माणसांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करा. त्यातून डिटेक्टरपेक्षा जास्त मिळेल.

---

कासपठार

समजलं. मोडी कागदांची एक पेटी आहे, ती उघडतो.

---

रानजाई

सगळा धागा मुलासोबत बसून वाचला. ओकवन, वहीत नेमकं काय काय लिहिता तेवढं सांगा, आम्ही तशीच वही करतो.

---

ओकवन

प्रत्येक वस्तूला एक क्रमांक, आणि तोच क्रमांक पिशवीवर. तारीख, फोनवरचे अक्षांश-रेखांश, आणि त्यासोबत एका पक्क्या खुणेपासून टेपने मोजलेलं अंतर व दिशा, कारण दाट झाडीत फोन बरेच फूट चुकतो. मी आडाची फरशी ही खूण धरतो. खोली इंचांत, जवळ आणखी काय होतं (वीट, कोळसा, खापर, खिळ्यांचा प्रकार), मोजपट्टीसह दोन्ही बाजूंचे फोटो. खिळे सगळे आणणं शक्य नसेल तर प्रकारानुसार मोजून लिहा. मशीन घेण्याआधी गावच्या सोसायटीत जाऊन तुमच्या जंगलाचा जुना नकाशा मागा आणि गडग्यांच्या आतली जमीन आज कुणाच्या नावावर आहे ते टाउन हॉलमध्ये बघा. तुमच्या घरामागचं जंगल काउंटीचं पार्क निघालं तर तिथे खणता येणार नाही, पण गडगे मोजायला आणि लायलॅक शोधायला कुणाची हरकत नसते.